बाटलीचा नंबर, कॅलेंडरवरची रेघ

आम्ही बचत गटाच्या बाया बोलतोय. मागच्या खेपेला शेळीच्या विम्यावर बोललो होतो, तेव्हा बऱ्याच जणींनी निरोप पाठवले. आजचा विषय औषधाचा आहे. औषध कोणतं घ्यावं, हे आम्ही सांगणार नाही. ते डॉक्टरांचं काम. लिहून दिलेलं औषध माणसाच्या पोटात किंवा दंडात जाईपर्यंत मधे जे हात लागतात, त्या हातांची ही गोष्ट आहे. ते हात बहुतेक वेळा बाईचेच असतात.

विषय निघाला तो गेल्या पावसाळ्यात. आमच्या गटातल्या एका आजींच्या नातवाला ताप होता. पोर आठ महिन्यांचं. घरात आधी तापाचं सिरप होतं, झाकणाच्या मापानं द्यायचं. ते संपलं तसं मुलानं येताना नवी बाटली आणली. औषध तेच, कागदी खोक्यावरचं बाळाचं चित्रही तसंच. पण ही थेंबांची बाटली होती. तिच्यातला ड्रॉपर कुठंतरी पडला, म्हणून आजींनी जुन्या सिरपचं झाकण धुतलं आणि त्याच मापानं भरून दिलं. दुपारी परत दिलं. सूनबाई शेतातून आली, तिला वाटलं अजून दिलेलंच नाही, तिनंही दिलं.

पोर मलूल दिसायला लागलं तेव्हा सगळे दवाखान्यात पळाले. तिथं पहिला प्रश्न आला, "किती दिलं? कधी दिलं? किती वेळा दिलं?" तिघं तीन उत्तरं देत होते. दोन दिवस ठेवून घेतलं. पोर सुखरूप आहे, आता भिंत धरून चालतं. पण त्या गडबडीत तिथं कुणीतरी बोलून गेलं, "अडाणी बायांनी औषधाला हातच लावू नये."

आजींनी ते मनावर घेतलं. "आजपासून औषधाला हात लावणार नाही," म्हणाल्या, आणि खरंच लावेनात. नवऱ्याची बीपीची गोळीसुद्धा सून संध्याकाळी परत आल्यावर देऊ लागली, म्हणजे वेळ टळू लागली. आमच्या बैठकीत हप्ते गोळा करून झाले की या वाक्यावरच बोलणं व्हायचं. गटातल्या एकीची मुलगी एएनएमच्या दुसऱ्या वर्षाला आहे. ती सुट्टीला आली होती. तिनं तिचं पुस्तक आणि वही आणली. आमच्यापैकी जी बीए झालेली आहे तिनं तालुक्याच्या वाचनालयातून आणखी थोडं शोधलं. त्यातून जे हाती लागलं ते सांगतो.

आधी त्या मुलीनं आजींची चूक आम्हाला हिशेबात मांडून दाखवली. तापाच्या पॅरासिटॅमॉल सिरपच्या एका चमच्यात, म्हणजे पाच मिलिलिटरमध्ये, साधारण 125 मिलिग्रॅम औषध असतं. एका मिलिलिटरला 25. थेंबांच्या बाटलीत एका मिलिलिटरला 100 असतं. चौपट! तान्ह्या बाळाला एका वेळी फार पाजता येत नाही, म्हणून ते दाट केलेलं असतं. नाव एक, चव एक, झाकणही तेच, पण पोटात गेलं चौपट. म्हणजे आजी अडाणी आहेत म्हणून हे घडलं असं नाही. शिकलेली माणसंही या खड्ड्यात पडतात. ती म्हणाली, "आम्हाला तर इंजेक्शनातही हाच खड्डा दाखवतात. जेंटामायसिनची एक कुपी मोठ्यांची असते, दोन मिलिलिटरला 80 मिलिग्रॅमची. एक लहान मुलांची, दोन मिलिलिटरला 20 ची. तीही चौपटच."

मग तिनं पाठ म्हणून दाखवलं. योग्य माणूस, योग्य औषध, योग्य मात्रा, योग्य मार्ग, योग्य वेळ. नर्सिंगच्या मुलींना हे पाच 'योग्य' पहिल्या दिवसापासून घोकून घेतात. सहावं म्हणजे योग्य नोंद. ते अलीकडे जोडलेलं असलं तरी आम्हाला विचाराल तर ते पहिलं असायला हवं. का, ते पुढच्या गोष्टीत येईल.

ही गोष्ट सव्वाशे वर्षांपूर्वीची. 1896 साली मुंबईत प्लेग आला. माणसं पटापट मरत होती, लोक शहर सोडून गावाकडं पळत होते आणि रोगही त्यांच्याबरोबर पळत होता. सावित्रीबाई फुले पुण्यात याच साथीत रोग्यांची सेवा करता करता 10 मार्च 1897 ला गेल्या, हे आपल्याला 3 जानेवारीच्या भाषणांतून पाठ आहे. त्याच्या दोनच महिने आधी, 10 जानेवारी 1897 ला, मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजमधल्या एका खोलीत वाल्डेमार हाफकिन नावाच्या शास्त्रज्ञानं प्लेगची लस पहिल्यांदा स्वतःच्या अंगात टोचून घेतली. ताप आला, अंग दुखलं, पण तो बरा झाला. मग लस बाहेर पडली. कारखाना म्हणावा अशी मोठी प्रयोगशाळा परळला उभी राहिली. आजही ती हाफकिन संस्था म्हणून तिथंच आहे.

आता 30 ऑक्टोबर 1902. पंजाबातलं मुलकोवाल नावाचं गाव, आज ते पाकिस्तानात आहे. परळहून गेलेली लस तिथं त्या दिवशी 107 जणांना टोचली. आठवडाभरात त्यातल्या 19 जणांना धनुर्वात झाला. जबडा आखडतो, अंग धनुष्यासारखं वाकतं, तो धनुर्वात. एकोणीसच्या एकोणीस मेले. देशभर बोंब झाली. लोक आधीच लसीला घाबरत होते. दोष हाफकिनवर आला. परळला लस बनवण्याची पद्धत त्यानं बदलली होती, म्हणून तिथंच बाटलीत जंतू गेले असणार असं चौकशी करणाऱ्यांचं मत पडलं. त्याला कामावरून दूर केलं.

पण एक गोष्ट नोंदीत होती. ती मेलेली एकोणीस माणसं एकाच बाटलीतून टोचलेली होती. बाटलीचा नंबर 53 एन. त्याच दिवशी इतर बाटल्यांतून टोचलेल्यांना काहीच झालं नव्हतं. मग प्रश्न उरला, की या एका बाटलीचं काय झालं? तेव्हा पुढं आलं की बूच काढताना हातातला चिमटा मातीत पडला होता. तो उचलून जंतुनाशक पाण्यात नुसता विसळला आणि त्यानंच बूच काढलं. नियमाप्रमाणं तो आगीच्या ज्योतीतून काढायला हवा होता. धनुर्वाताचा जंतू मातीत राहतो आणि असल्या विसळण्यानं मरत नाही, हे आपल्याला आज आशाताईसुद्धा सांगते. बाळाची नाळ कापायचं ब्लेड नवं हवं म्हणून ती भांडते, ते याचसाठी.

हाफकिनच्या बाजूनं विलायतेतले मोठमोठे शास्त्रज्ञ उभे राहिले. मलेरिया डासातून पसरतो हे शोधणारे रोनाल्ड रॉस त्यात होते. तरी त्याच्यावरचा डाग पुसायला 1907 साल उजाडलं. पाच वर्षं! लस तयार करणारा शास्त्रज्ञ, टोचणारा डॉक्टर, चिमटा धरणारा मदतनीस, सगळे शिकलेले. गावातली अडाणी बाई त्या साखळीत कुठंच नव्हती. आम्ही हे वाचलं तेव्हा आजींना मुद्दाम बोलावून वाचून दाखवलं. त्या एवढंच म्हणाल्या, "आणि नंबर लिहिला नसता तर?"

नंबर लिहिला नसता तर सगळीच लस वाईट ठरली असती, आणि मातीतला चिमटा कुणालाच दिसला नसता.

बाटलीच्या नंबरावरून आणखी एक आठवण. ती जुनी नाही, आमच्यातल्या काहीजणी तेव्हा जन्मलेल्या होत्या. 1986 साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात ग्लिसरीन दिलेले चौदा रुग्ण दगावले. ग्लिसरीनमध्ये डायइथिलीन ग्लायकॉल नावाचं विषारी रसायन मिसळलेलं निघालं. न्यायमूर्ती लेंटिन यांच्या आयोगानं चौकशी केली आणि औषध खरेदीपासून मंत्रालयापर्यंतचं सगळं गाठोडं उलगडलं. तिथं नर्सनं पाचही 'योग्य' पाळले असतील तरी बाटलीत विष होतंच. म्हणून रिकामी बाटली लगेच फेकू नका, औषध संपल्यावरही दोन-चार दिवस तशीच ठेवा, असं एएनएमवाली मुलगी सांगते. लेबलवर बॅच नंबर असतो. कधी काही झालंच तर तोच साक्षीदार.

आता आपल्या महाराष्ट्रातल्या बायांकडं येऊ. हीच गोष्ट सांगायला आम्ही आज बसलोय.

गडचिरोलीत डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग 1986 मध्ये काम करायला आले. जिल्हा जंगलाचा, पावसाळ्यात गावं तुटलेली. लहान मुलं मरत होती ती जास्त करून न्यूमोनियानं. न्यूमोनिया ओळखायचा तर एका मिनिटात बाळाचे श्वास मोजावे लागतात. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचे 60 किंवा जास्त, त्यापुढं वर्षापर्यंतच्या बाळाचे 50 किंवा जास्त असले तर धोका. पण गावातल्या सुइणींना पन्नास-साठपर्यंत सलग मोजणं जमत नव्हतं. मग मण्यांची आणि वाळूच्या घड्याळाची एक पाटी बनवली. वाळू एका मिनिटात खाली येते. दर दहा श्वासांना एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत लाल मणी सरकवायची वेळ आली तर न्यूमोनिया, औषध सुरू करायचं. दहापर्यंत तर कुणालाही मोजता येतं. आम्हाला या पाटीचं फार कौतुक वाटतं. बाईला मोजता येत नाही म्हणून तिला बाजूला सारण्याऐवजी मोजण्याची रीतच तिच्या हातासारखी केली. 1990 साली हे निष्कर्ष लान्सेट या इंग्लंडच्या वैद्यकीय साप्ताहिकात छापून आले. ज्या गावांत हे काम झालं तिथं न्यूमोनियानं होणारे बालमृत्यू शेजारच्या गावांपेक्षा 54 टक्क्यांनी कमी होते.

तरी तान्ही बाळं मरतच होती. जन्मल्यापासून महिन्याच्या आत, हजारात 62. जंतुदोष हे त्यातलं मोठं कारण. त्यावर इंजेक्शन लागतं आणि दवाखाना लांब. शिवाय बाळंतिणीनं बाळाला घेऊन घराबाहेर पडायचं नाही ही रीत. ती आपल्याकडंही आहेच, उगाच गडचिरोलीला नावं ठेवू नका. मग 39 गावांतल्या बायांना शिकवायचं ठरलं. त्यांना आरोग्यदूत म्हणतात. शाळा पाचवी ते दहावीपर्यंत झालेली. त्या बाळंतपणाला सुइणीबरोबर हजर राहायच्या, बाळाचं वजन घ्यायच्या, ठरलेल्या दिवशी घरी जाऊन बाळ पाहायच्या आणि छापील वहीत लिहायच्या. आणि 1996 पासून त्या बाळाला जेंटामायसिनचं इंजेक्शन देऊ लागल्या, बरोबर तोंडातून एक औषध.

इथं डॉक्टर मंडळींत कुजबुज झाली. दहावीही न झालेली बाई दोन किलोच्या बाळाला सुई टोचणार? शंका चुकीची नव्हती. बाळाच्या मांडीवर मांस किती असतं, आणि या औषधाची मात्रा जास्त झाली तर मूत्रपिंड आणि कान दोन्हीवर येतं. म्हणून सुई हातात यायच्या आधीची पायरी फार नीट बांधली होती. रडणं मंदावलं किंवा थांबलं, दूध ओढेनासं झालं, अंग ढिलं पडलं, आई म्हणते बाळ गार लागतं किंवा तापलंय, पोट फुगलं किंवा उलट्या होतात, श्वास घेताना छातीत खड्डा पडतो, नाळेला किंवा कातडीला पू आला. अशा लक्षणांपैकी दोन एकाच वेळी दिसली तरच जंतुदोष धरायचा. एकावर नाही. मग बाळाला दवाखान्यात न्या म्हणून घरच्यांना सांगायचं. ते जात नसतील तर त्यांना समजावून, त्यांची लेखी परवानगी घेऊन उपचार सुरू. मात्रा वजनावर ठरलेली. कमी वजनाच्या बाळाला वेगळी, पुऱ्या दिवसांच्या चांगल्या वजनाच्या बाळाला वेगळी. अंदाजपंचे काही नाही. दर पंधरवड्याला डॉक्टर गावात येऊन वही तपासायचे आणि चूक दिसली की तिथंच शिकवायचे.

आमच्या लक्षात आलं, की यातलं टोचण्याचं काम दोन मिनिटांचं आहे. बाकी सगळं पाहणं, तोलणं, विचारणं आणि लिहिणं.

निकाल 1999 मध्ये लान्सेटमध्येच आला. आधी जंतुदोष झालेल्या शंभरातली सोळा-सतरा बाळं जायची. आरोग्यदूतांचे उपचार सुरू झाल्यावर शंभराला तीनसुद्धा नाहीत. 62 चा आकडा तिसऱ्या वर्षी पंचविसाच्या आसपास आला. हे आकडे आम्ही आजींना सांगितले तेव्हा त्यांनी त्या बायांची नावं विचारली. पुस्तकांत डॉक्टरांची नावं सापडतात. घराघरात हिंडलेल्या बायांची नावं आम्हाला सापडली नाहीत, आणि याची आम्हाला खंत वाटते.

पुढं हेच काम देशभर गेलं. 2011 पासून आशाताई बाळंतिणीच्या घरी येऊ लागल्या. बाळंतपण दवाखान्यात झालं असेल तर सहा फेऱ्या, घरी झालं असेल तर सात. शेवटची बेचाळिसाव्या दिवशी. आपल्या दारात ती वजनकाटा घेऊन येते आणि आपण चहा देऊन वाटेला लावतो, त्या फेऱ्या या. आशाताईच्या हातात इंजेक्शन मात्र दिलेलं नाही. ते 2014 मध्ये केंद्र सरकारनं एएनएमकडं दिलं. आजारी तान्ह्या बाळाला मोठ्या दवाखान्यात पाठवण्याआधी जेंटामायसिनचा पहिला डोस एएनएम देऊ शकते. पाठवणं शक्यच नसेल किंवा घरचे नाहीच म्हणत असतील तर पुढचे डोसही. तोपर्यंत उपकेंद्रातल्या सिस्टरच्या हातात लस होती, पण हे औषध नव्हतं. म्हणजे आमच्या मैत्रिणीची मुलगी आज जी 80 ची आणि 20 ची कुपी ओळखायला शिकते, ती त्या 39 गावांतल्या बायांच्या मागून चालते आहे. तिला हे कुणी सांगितलं नव्हतं. वॉर्डात तिच्या हातात कुपी देऊन "जा, दे" एवढंच सांगतात, असं ती म्हणाली. एकदा तिनं मात्रा परत विचारली म्हणून ओरडाही खाल्लाय. आम्ही तिला म्हटलं, शंभर वेळा विचार. ओरडा खा, पण विचार.

ती सुट्टी संपवून गेली त्याच्या आदल्या संध्याकाळी आजींच्या घरी बसलो होतो. आजींना लिहिता येत नाही. तिनं कॅलेंडर काढलं आणि तारखेच्या चौकोनात औषध दिलं की एक रेघ मारायची शिकवलं. सकाळची रेघ वर, दुपारची मधे, रात्रीची खाली. पोराच्या औषधाची लाल पेनानं, आजोबांच्या गोळीची निळ्यानं. औषधाचं माप त्याच्याच बाटलीला रबरानं बांधून ठेवायचं, दुसऱ्या बाटलीला लावायचं नाही. मापच हरवलं तर औषध द्यायचं थांबवून आधी सिस्टरला विचारायचं. सूनबाईनंही आधी कॅलेंडर पाहायचं, मग बाटली उघडायची.

आजोबांची गोळी आता वेळेवर आहे. परवा आम्ही हप्त्यासाठी गेलो तर आजी दारातच सुनेला विचारत होत्या, "अगं, सकाळची निळी रेघ मी मारली का तू?"